विमान सायकलीचं शेपूट

॥ श्री ॥
चंद्रपूर, ६ ऑक्टोबर २०२४

ती. भाऊ यांस धनराजचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. हिवतापात तुमचे कान गेले त्याला बारा वर्षं झाली. फोन तुमच्या कामाचा नाही आणि मोबाईलवर अक्षरं दाबायला तुमची बोटं जाड, म्हणून आपण दोघं अजून पत्रं लिहितो. आपल्या दोघांच्या जिवावर पोस्ट खातं चाललं आहे असं तुमची भावजय रीता म्हणते.

आता कामाचं. नोव्हेंबरात नागपूरला जुन्या सायकलींचं प्रदर्शन आहे. यंदा रॉकेट काळातल्या सायकली मांडायच्या आहेत. साठच्या दशकात माणूस चंद्रावर निघाला होता, तेव्हा अमेरिकेत सायकलींनाही रॉकेटाचा घाट देत असत. दोन दांड्यांच्या मध्ये मोटरसायकलसारखी खोटी टाकी, तिच्यात हॉर्नच्या बॅटऱ्या, पुढे दोन दिवे, मागे लाल शेपूट. तुम्ही ओळखलंच असेल. खनिजाच्या पाहणीला आलेला परदेशी साहेब जाताना बाबांच्या दुकानात सोडून गेला, ती आपली विमान सायकल! गेल्या दिवाळीत तुमच्या कोठ्यात तिच्यावर कोंबड्या बसलेल्या पाहिल्या आणि जीव हळहळला.

आमच्या ग्रुपात पन्नास माणसं आहेत, पण मॉडेल ओळखायचं झालं की सगळे मलाच फोटो पाठवतात. पुढच्या चकरीची नक्षी, रिमची खाच, नटाच्या आट्या पाहिल्या की मी सन सांगतो. बढाई नाही, खरं आहे. तेव्हा एवढं करा. मागच्या चाकाच्या आसाजवळ, डाव्या अंगाला नंबर ठोकलेला असेल, तो चुना लावून वाचा आणि उतरवून पाठवा. सायकल धुऊ नका, घासू नका, आणि टाकी तर मुळीच उघडू नका. उघडलेल्या टाकीला जाणकार नाकं मुरडतात.

वहिनींना नमस्कार, दिव्यानीला आशीर्वाद. माझ्यावरची माया अशीच राहू द्यावी.

तुमचा,
धनराज


एटापल्ली, १७ ऑक्टोबर २०२४

चि. धनराज यास उमाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. धान छान निसवलं आहे, रानडुकरांच्या तोंडून वाचलं की आपलं. दुकान चालतं आहे तसं चालतं. सायकली कमी झाल्या, मोटरसायकलींचे पंक्चर वाढले. गिऱ्हाईक पाटीवर लिहितं किंवा चाकाकडे बोट दाखवतं. पंक्चरला तसंही फार बोलावं लागत नाही.

सायकल कोंबड्यांच्या ताब्यातून सोडवली. नंबर सोबत लिहून पाठवला आहे. एक खूण आठ आहे की इंग्रजी बी, ते मला कळलं नाही. तू जाणता, तू ठरव.

टाकी उघडत नाही. तिच्यात काय आहे ते मला माहीत आहे, समोरासमोर भेटलो की सांगीन, गंमत आहे. मागचं शेपूट वाकडं आहे, पण ते काढू नको. राहू दे. धानाच्या व्यापाऱ्याची पिकअप नागपूरला जाते, तिच्यात सायकल टाकून मी आणि दिव्यानी येऊ. रीतासाठी तुझ्या आशावहिनीनं सुके झिंगे बांधून ठेवले आहेत. वास येईल म्हणून गाडीत कुरकुर करू नको.

भेटीची वाट पाहतो. आहे तो जिव्हाळा सांभाळून ठेव.

तुझा,
उमाजी


एटापल्ली, २७ नोव्हेंबर २०२४

चि. धनराज यास उमाजीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. नागपूरचा तो हॉल केवढा! आपली सायकल त्या दिव्यांखाली नवरीसारखी दिसत होती. माझ्या कानांचं तुला माहीतच आहे. सगळे हसले की मीही हसत होतो.

घरी आल्यावर दिव्यानीनं पाटीवर लिहून सांगितलं, की शेपटापाशी उभं राहून तू परीक्षकांना म्हणालास, हे ज्यानं बनवलं त्याच्या हातात देव आहे. तुझ्या वहिनीनं ते दोनदा वाचून घेतलं आणि लगेच शेजारी सांगून आली. टाकी अस्सल असल्याचं प्रशस्तिपत्र मिळालं तेही कळलं. त्याचं मला फार हसू आलं, का ते मागाहून सांगीन.

एकच मागणं आहे. त्या शेपटाचा एक चांगला फोटो काढून पाठव. दुकानात लावायचा आहे.

कापणी चालू आहे, म्हणून आटोपतं घेतो. पाकीट चिकटवायला दिव्यानीकडे देतो आहे. लोभात अंतर पडू देऊ नको.

तुझा,
उमाजी


(त्याच पाकिटात)

एटापल्ली, २७ नोव्हेंबर

ती. काकाजी यांस दिव्यानीचा सा. न.

हे पत्र बाबांच्या पाकिटात घालते आहे, त्यांना माहीत नाही. फोन करता आला असता, पण बोलता बोलता रडले असते आणि मग तुम्ही मलाच समजावत बसला असता.

बाबांना मी पाटीवर लिहिलं ते खोटं आहे. तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं. टाकी शंभर टक्के कारखान्याची, असं म्हणालात. मग शेपटाला बोट लावून म्हणालात, की हे कोण्या खेडवळ ठोक्यानं पावडरच्या डब्यावर सूड उगवलेला दिसतो. सगळे हसले. बाबा तुमच्याकडेच पाहत होते, तेही हसले. सगळ्यात जास्त तेच हसले.

आमच्या दुकानात डबे ठोकून वस्तू कोण बनवतं, हे तुम्हाला माहीत नाही का? एका नटावरून सन सांगता म्हणे. सख्ख्या भावाचा हात कसा ओळखू आला नाही?

आणि त्या परीक्षक बाईंनी बाबांकडे पाहून हे कोण म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, हा सायकल घेऊन आलेला माणूस. मी तिथंच उभी होते. बाबांनी प्रदर्शनासाठी नवा शर्ट घेतला होता. दुकानातल्या घड्या त्याच्यावर तशाच होत्या, त्या इस्त्री करून मोडाव्या म्हणून मी किती मागे लागले होते.

मोठ्यांना असं लिहू नये. पण लिहिलं.

तुमची,
दिव्यानी


॥ श्री ॥
चंद्रपूर, ९ डिसेंबर २०२४

ती. भाऊ यांस धनराजचा शि. सा. न.

हे पत्र चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. आज फाडायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

दिव्यानीनं तुम्हाला सांगितलं तसं मी काही बोललो नव्हतो. तुमचं मन राखायला तिनं ते रचलं. तिला रागावू नका, ती आपल्या दोघांपेक्षा शहाणी आहे. मी त्या शेपटाची टर उडवली. चारचौघांत मला जाणता दिसायचं होतं, आणि जाणता दिसायला दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवण्यासारखी सोपी युक्ती नाही. खेडवळ ठोक्या असा शब्द मी वापरला. तुम्ही शेजारी उभे होता आणि हसत होता. तुमचं ते हसणं आता जेवताना ताटात दिसतं. लाज वाटते भाऊ.

अजून एक सांगायचं राहतं. काढू नको म्हणून तुम्ही लिहिलं होतं, तरी प्रदर्शनानंतर सायकल चंद्रपूरला आणल्यावर मी ते शेपूट काढलं आणि एका सभासदाकडचं अस्सल शेपूट बसवलं. तुमचं भंगाराच्या खोक्यात टाकलं होतं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी खोकं अंगणात उपडं करून ते शोधून काढलं. पावडरचा डबा, लाल बाटलीचं बूड, पाटीच्या चौकटीचे खिळे. आता माझ्या टेबलावर आहे. त्याचा फोटो काढायला हात होत नाही.

मला माफ करा. माया राहू द्या, एवढंच मागतो.

तुमचा,
धनराज


एटापल्ली, २० डिसेंबर २०२४

चि. धनराज यास उमाजीचे अनेक आशीर्वाद.

वेड्या, ते शेपूट मी बनवलेलं नाही. तू बनवलंस.

तिसरीत होतास. सायकल कोठ्याच्या मेढीवर आदळून मूळचं शेपूट फोडलंस आणि बाबा मारतील म्हणून दिवसभर मोहाच्या झाडाखाली आईच्या पावडरच्या डब्यावर हातोडी चालवत बसलास. अंगठा ठेचून घेतलास, पण रडला नाहीस. आतल्या बाजूला पाहा, खिळ्यानं ध कोरलेला असेल. बाबांना ते दिसलं, पण ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी तू मामाकडे चंद्रपूरला शिकायला गेलास आणि विसरलास. मला त्याहून चांगलं करून बसवता आलं असतं. पंचेचाळीस वर्षांत एकदाही मन झालं नाही.

म्हणून मी हसलो, आणि अगदी पोटातून हसलो. माझा भाऊ भर सभेत स्वतःलाच खेडवळ ठोक्या म्हणत होता, आणि कोणालाच पत्ता नव्हता.

टाकी मात्र माझी आहे. साहेबाच्या बॅटऱ्या आत फुटून मूळची सडून गेली होती. तू गेल्यावर बीजा झाडाच्या लाकडाचा साचा कोरला आणि तेलाच्या डब्याचा पत्रा त्यावर ठोकला. दोन महिने लागले. आता उघडून पाहायला हरकत नाही. आत नारळाचं झाड दिसेल. तुझ्यासारख्या जाणत्यानं तिला शंभर टक्के कारखान्याची म्हटलं, हे मला जन्मभर पुरेल.

हे सारं मला कसं कळलं असं तुला वाटेल. बारा वर्षांत मी ओठ वाचायला शिकलो. घरी कोणाला सांगितलं नाही, सांगितलं तर माझ्यासमोर मोकळेपणानं बोलायचे थांबतील. परक्याचे अर्धेमुर्धेच समजतात. पण तुला बोलायला मीच शिकवलं, तुझे ओठ चुकत नाहीत. मागच्या पत्रात दिव्यानीचं म्हणणं तसंच लिहिलं, कारण पाकीट चिकटवण्याआधी ती पत्र वाचते. हे पत्र मी स्वतः चिकटवून स्वतः पोस्टात टाकतो आहे.

तेव्हा त्या बाईंनी माझ्याबद्दल विचारलं तेही मला कळलं, आणि तू दिलेलं उत्तरही. तुझ्या पत्रात त्याबद्दल काही नव्हतं. म्हणून मीही काही लिहीत नाही.

थंडी फार आहे. छाती जप. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझा,
उमाजी


चंद्रपूर, ७ जानेवारी २०२५

ती. भाऊ,

नमस्कार.

परवा आमच्या ग्रुपाची बैठक झाली. सायकल घेऊन गेलो. सगळ्यांच्या समोर टाकीचे चार स्क्रू काढले आणि झाकण उलटं करून टेबलावर ठेवलं. पिवळ्या पत्र्यावर नारळाचं झाड, खाली तेलाचं अर्धं नाव. मग मी म्हणालो, की ही टाकी कारखान्याची नाही, माझं ओळखणं चुकलं, आणि प्रशस्तिपत्र परत केलं. शेपटाचंही सांगितलं. आतला ध दाखवला. भंगारातून काढलेलं ते शेपूट आता पुन्हा जागेवर बसवलं आहे, तुम्ही मागितलेला फोटो सोबत आहे.

बैठकीला त्या परीक्षक बाई होत्या. टाकीच्या कडेवरून त्यांनी दोन-तीनदा बोट फिरवलं आणि विचारलं, की हे एवढं काम कोणी केलं. मी म्हणालो, माझ्या मोठ्या भावानं. त्यांनी जरा आठवून विचारलं, म्हणजे त्या दिवशी सायकल घेऊन आले होते तेच का?

मी हो म्हणालो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मला तुमच्या शर्टाच्या घड्या दिसत होत्या भाऊ. त्या दिसल्या म्हणूनच मी तसं म्हणालो. मागच्या पत्रात लिहिलं नाही ते हेच. तुम्हाला ऐकू आलं नाही या भरवशावर मी गप्प बसलो होतो.

रविवारच्या गाडीनं एटापल्लीला येतो आहे. तुमच्यासमोर बसून बोलेन. तुम्ही पाटी घेऊ नका.

पत्राच्या शेवटी दर वेळी जे मागायचो, ते आज लिहायला हात धजत नाही.

तुमचा धाकटा भाऊ,
धनराज