कोटांत वारा शिरला तेव्हा

तीर्थरूप आत्याला,

खुर्चीत बसल्या बसल्या जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (उरलेला नमस्कार भेटीत पुरा करीन.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू रोज करतेस असं तू सांगतेस, आणि अजिबात करत नाहीस असं बाबा सांगतात. मी दोघांवरही विश्वास ठेवतो, कारण मला दोघांकडेही जेवायला यायचं असतं. मी मजेत आहे. वजन थोडं वाढलंय, पण कपडे सैल शिवायची सोय हाताशी असल्यामुळे काळजी नाही.

हो, हे कपड्यांचं तुला एकदा नीट सांगायलाच हवं. मागे फोनवर तू विचारलंस की मी दिवसभर करतो तरी काय, तेव्हा मी घाईत "कपड्यांचं काम" एवढंच म्हणालो, आणि तू आठवड्याभरात उशांचे अभ्रे शिवायला पाठवून दिलेस. (अभ्रे मिळाले. शेजारच्या काकूंनी शिवले. टीप फार सुंदर आली म्हणून तू माझं कौतुक केलंस, ते मी त्यांच्यापर्यंत पोचवलं.) तर आत्या, आमच्या कंपनीने कॉम्प्युटरमध्ये एक अख्खं शहर वसवलंय. डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवला की घरबसल्या माणूस त्या शहरात शिरतो. तिथे प्रत्येकाचा एक अवतार असतो, म्हणजे आपल्या जागी हिंडणारा, बोलणारा चित्रातला माणूस. या अवतारांना कपडे लागतात, ते मी करतो. आणि ते अगदी खरे वाटायला हवेत. हात दुमडला की कोपरावर चुण्या पडल्या पाहिजेत, चालताना घेर हलला पाहिजे. म्हणायला सोपं आहे. माझा पहिला कोट घालून माणूस खाली बसला, तर कोट उभाच राहिला. दुसऱ्या वेळी कोटही बसला, पण शेजारच्या खुर्चीत.

तेव्हापासून मला खरं कापड बघत हिंडायचा नाद लागला. रस्त्यात पुढे चालणाऱ्याच्या पँटला गुडघ्यामागे वळ्या कशा पडतात ते बघता बघता मी एका गृहस्थांच्या मागे थेट त्यांच्या दातांच्या डॉक्टरपर्यंत पोचलो. (ते घाबरले होते, पण माझ्यामुळे नाही.) ओलं कापड अंगाला कसं चिकटतं ते कळावं म्हणून एका रविवारी कोट, टाय, बूट अशा थाटात शॉवरखाली उभा राहून आरशात स्वतःची पाठ बघत होतो. नळ दुरुस्त करायला बोलावलेला माणूस नेमका तेव्हाच आत आला. त्याने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं, "पाणी तर छान येतंय, साहेब," म्हणाला आणि दार हलकेच ओढून घेऊन निघून गेला. नळ अजून गळतोय.

एवढा जीव ओतून केलेल्या माझ्या कपड्यांना एकच शत्रू होता, आणि तो माझ्या समोरच्याच टेबलाशी बसत होता. त्या शहरातला वारा जी बनवते ती बाई. सगळं ऑफिस तिला वारावाली म्हणतं. कान टोपीत झाकून बसते, आणि तोंडात सतत लवंग. मी मफलर केला की ही वारा सोडणार आणि मफलर बिचाऱ्या अवताराचा गळा आवळणार. मी म्हणायचो, तुझा वारा उद्धट आहे. ती म्हणायची, तुझे कपडे फुसके आहेत. शेवटी आमच्या मोठ्या बाई वैतागल्या. त्यांनी बजावलं, की आता एकदा जरी कपड्यांनी फजिती केली तर पुढे सगळ्या अवतारांना कपडे अंगावर रंगवूनच मिळतील. म्हणजे चुणी नाही, घेर नाही आणि (हे त्या बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं) मीही नाही.

आणि लगेच कार्यक्रम आला तो गायकांचा. चाळीसएक गाणारी माणसं, निरनिराळ्या देशांत राहणारी, एकमेकांना कधीच न भेटलेली. ती आमच्या शहराच्या चौकात पहिल्यांदा एकत्र उभी राहून गाणार होती. त्यांना कित्येक वर्षं फोनवरून शिकवणारे आणि आता हातात काठी घेऊन त्यांच्याकडून गाऊन घेणारे एक म्हातारे गुरुजी होते. त्यांनी माझ्याकडून सगळ्यांसाठी पायघोळ निळे कोट करून घेतले. महिनाभर मी त्या कोटांशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. कार्यक्रमाच्या दुपारी चौक भरला, गुरुजींनी काठी उचलली, गाणं सुरू झालं आणि वारावालीने अगदी मंद म्हणून ठरवलेली झुळूक सोडली.

आधी गुरुजींचा कोट उलटून त्यांच्या डोक्यावर गेला. ते आतूनच काठी हलवत राहिले. मग एकेक करत चाळीस कोट छत्र्यांसारखे फुगले, आणि आत्या, ती सगळी मंडळी जमिनीवरून उचलली गेली! गात होती आणि वर चालली होती. बारीक आवाजाच्या बायका पुढे, जाड आवाजाचे बाप्ये मागोमाग. गाणं कुणीच थांबवलं नाही. खाली लोक टाळ्या पिटत होते, त्यांना वाटलं हे बसवलेलंच आहे. मी ओरडलो, "वारा बंद कर!" ती म्हणाली, "बंद केला तर सगळे एकदम आपटतील. तू कोट जड कर, हळूहळू. मी वारा कमी करत येते."

मग आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांच्या डोळ्यांकडे बघत त्यांना उतरवलं. ती मान हलवायची, मी वजन वाढवायचो. मी बोट उचललं की ती वारा ओढून घ्यायची. शेवटच्या सुरावर चाळीस जोडी पाय अलगद जमिनीला लागले. एक जाड आवाजाचे आजोबा तेवढे कंदिलाच्या खांबावर अडकले होते, पण ते म्हणाले की इथे बरं वाटतंय. गुरुजींनी कोटातून डोकं बाहेर काढलं. ते रडत होते. मी म्हटलं, संपलो. तर ते म्हणाले, "इतकी वर्षं यांना सांगतोय, आवाज वर न्या, वर न्या. आज गेले! पुढच्या वेळी आणखी थोडं उंच जमेल का?"

मोठ्या बाईंनी कपडे रंगवायचा विषय पुन्हा काढला नाही. आम्ही दोघं जिन्यात जाऊन पोट दुखेपर्यंत हसलो. तिच्या तोंडातली लवंगही पडली.

बाकी सगळं ठीक. तब्येत सांभाळ, गुडघ्याला लाडावून ठेवू नकोस.

तुझा,
भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. मी आणि वारावाली लग्न करतोय. बाबांना सांगायचा धीर होत नाही, आणि ते जगात फक्त तुझं ऐकतात. तेवढं तू सांगशील का? जेवण झाल्यावर सांग, आधी नको.

ता. क. दुसरा. तिने खांद्यावरून हे पत्र वाचलं. तिचं म्हणणं, झुळूक मंदच होती, मीच पायघोळ कोटांना हातरुमालाचं वजन दिलं होतं. आम्ही तपासलं. विषय बदलला.

ता. क. तिसरा. घोटाळा झाला. आताच कळलं की तिने परवाच बाबांना फोन करून सगळं सांगून टाकलंय. बाबांनी एवढंच विचारलं म्हणे, "लग्नात कपडे खरे असतील ना?" आणि तिला बजावलंय की ताईला ही बातमी मीच देणार, पोरांनी मध्ये पडायचं नाही. तेव्हा आत्या, वर लिहिलेलं काहीच तू वाचलेलं नाहीस. त्यांचा फोन आला की छान दचक.