उलटी ठेवलेली खुर्ची

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

तुझं पत्र परवाच मिळालं. भावजींच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पण जिने चढू नका म्हणून तू पंधरा वर्षं सांगते आहेस आणि ते ऐकत नाहीत. शेवटी गुडघ्यानेच सांगितलं, हे एका परीने बरंच झालं. इकडे आम्ही दोघं ठीक. ह्यांचं टुमणं चालूच आहे. घरात माणसं दोन आणि खुर्च्या अकरा, आता जेवायला त्यांनाच वाढ म्हणतात.

मागच्या महिन्यापर्यंत अकरा होत्या. आता बारा आहेत. त्याचं पुढे लिहिते.

नव्या घरासाठी साहेबाच्या काळातलं सागवानी सामान घ्यायचं म्हणतेस, आणि खरं कसं ओळखायचं असं मला विचारतेस. सोपं आहे. दुकानदार बोलत असेल तेव्हा त्याच्याकडे बघू नकोस, वस्तू उलटी करायला सांग. वरून कुणीही पॉलिश मारतं, खालून कुणी मारत नाही. खण पूर्ण बाहेर ओढ आणि कोपऱ्याचे सांधे बघ. हाताने केलेले असतील तर थोडे कमीजास्त असतात. जुनं सागवान जड लागतं, आणि घासलेल्या जागी त्याला कातड्यासारखा वास येतो. पाय बदललेले असले तर घेऊ नकोस. वेत बदललेला चालतो, वेत काही जन्माला पुरत नाही.

माझं बहुतेक सामान ज्या म्हाताऱ्याकडून आलं, त्याची एक पद्धत होती. कुणाच्या घरून खुर्ची किंवा पलंग उचलायच्या आधी तो एकच प्रश्न विचारायचा. वापरणारं माणूस गेलं का? गेलं नसेल तर तो हात लावायचा नाही, कितीही चांगली वस्तू असो. जिवंत माणसाच्या बसण्याची जागा मी उचलत नाही, म्हणायचा. आणि गेलं असेल तर गेल्याची तारीख विचारून शिसपेन्सिलीने वस्तूच्या खाली लिहायचा. माझ्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक खुर्चीखाली एक तारीख आहे. गेल्या पंधरवड्यात मी सगळ्या उलट्या करून वाचल्या. हे बिचारे हॉलच्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते. काय शोधते आहेस, एवढंच विचारलं. मी म्हटलं, वाळवी.

म्हातारा मागच्या महिन्यात गेला. त्याची मुलगी दुकान बंद करते आहे. तिचा फोन आला. म्हणाली, बाबांनी एक खुर्ची नऊ वर्षं मागच्या खोलीत उलटी ठेवली होती. गिऱ्हाईक आलं तरी दाखवली नाही. तुमची आहे म्हणायचे.

ताई, ती आईची आरामखुर्ची आहे. लांब हातांची, पाय टाकायला खालून पट्ट्या फिरून पुढे येतात ती. उजव्या हातावर तिच्या कपाचा गोल वळ अजून आहे. लहानपणी तू त्याच्यावर नख फिरवून म्हणायचीस, आईच्या मागे ही माझी.

तुला वाटतं, आईने ती परक्याला देऊन टाकली. मीच तसं सांगितलं होतं. ते खरं नाही.

आई दवाखान्यात होती. तीन तारखेला डॉक्टर म्हणाले, आता घरी नेण्याची आशा धरू नका. मी घरी आले. खुर्ची रिकामी होती, आणि संध्याकाळी हवा गार झाली की ती कुरकुरायची, कुणी उठल्यासारखी. दोन दिवस मी त्या खोलीत गेले नाही. हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. त्या म्हाताऱ्याकडे एक काचेचं कपाट होतं, मला दोन वर्षं हवं होतं. तो म्हणायचा, अशी एखादी आरामखुर्ची मिळाली तर बदल्यात देईन. पाच तारखेला मी त्याला बोलावलं. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला.

मी म्हटलं, गेली. परवा, तीन तारखेला.

त्याने खाली बसून लिहिलं. कपाट संध्याकाळी आलं. तू दर वेळी ज्याची तारीफ करतेस, तेच.

आणि अकरा तारखेला आई घरी आली. तुला आठवतच असेल, डॉक्टरांनाही नवल वाटलं होतं. खोलीत आल्यावर खुर्चीच्या जागेकडे तिने एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "मी कुठे बसू?" पाहुणीसारखं. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची दिली.

एकोणीस तारखेला मी औषधं आणायला गेले होते. परतले तेव्हा आईच्या मांडीवर तिचा वाचायचा जुना चष्मा होता. खुर्चीच्या गादीच्या खोळीत राहिलेला, तो परत द्यायला म्हातारा आला होता. दार आईनेच उघडलं.

"एक माणूस आला होता," ती म्हणाली. "चष्मा दिला, म्हणाला, बाईंच्या आईंचा आहे, आठवण म्हणून त्यांना द्या. मी म्हटलं, बाबा रे, तिची आई मीच. पाणी देत होते तर न पिता गेला."

मी औषधं टेबलावर मांडत राहिले.

"तारीख विचारली असेल ना त्याने? कुठली सांगितलीस?"

मी सांगितली. तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे मला जाऊन सोळा दिवस झाले," म्हणाली, आणि चष्मा पुसून पेपर वाचायला घेतला. त्यानंतर ती घरात कुठेही बसायच्या आधी विचारायची. रागाने नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दोन दिवसांनी तू आलीस. आल्या आल्या विचारलंस, खुर्ची कुठे आहे? मी म्हटलं, आईनेच देऊन टाकली. आई समोर बसली होती. तू तिच्याकडे बघितलंस आणि ती म्हणाली, "हो, दिली." तू दुसऱ्या दिवशी निघालीस तेव्हा तिने दारापर्यंत हात धरला होता, आणि तू तो सोडवून घेतलास. मी मागेच उभी होते. अठ्ठावीसला ती गेली, तेव्हा तुला गाडी मिळाली नाही.

नऊ वर्षं तू तिच्याबद्दल एक अक्षर लिहीत नाहीस. तो राग माझ्या वाट्याचा आहे, ताई. तिने माझ्यासाठी तो घेतला आणि मी घेऊ दिला. माझ्या अकराही खुर्च्या अशाच, दुसऱ्याच्या जागेवरून उचललेल्या. एकीवरही मला नीट बसता आलेलं नाही.

आता बारावी आली आहे. सुतार म्हणतो, जुनं लाकूड नव्या जागी आलं की चार दिवस बोलतं. तीन आठवडे झाले. दिवेलागणीला ती एकदा कुरकुरते, आणि मी उठून उभी राहते, कुणी जागा मागितल्यासारखी.

खाली तीन तारीख लिहिलेली आहे, म्हाताऱ्याच्या अक्षरात. ती त्याने खोडली आहे. शेजारी दुसरी लिहिली नाही. त्याची मुलगी पेन्सिल घेऊन उभी होती. म्हणाली, बाबांनी सांगितलंय, बाईंना खरी तारीख विचार, ती लिही आणि मगच खुर्ची दे. मला ती माझ्या तोंडाने सांगता आली नाही. ती पोर समजूतदार, पेन्सिलच माझ्या हातात दिली.

खुर्ची तुझी आहे. पण तुझ्याकडे पाठवणार नाही. तू ये. ह्यांना मी सगळं सांगितलं आहे, ते स्टेशनवर येतील. मी समोर नको असेन तर मी शेजारी जाऊन बसेन. पॉलिशवाल्याला खालच्या बाजूला हात लावू दिलेला नाही. उलटी कर, आणि अठ्ठावीस तारीख तुझ्या हाताने लिही. पेन्सिल कपाच्या वळावर ठेवली आहे.

मग तिच्यावर बस. तू बसलीस की ती गप्प होईल असं मला वाटतं.

पत्रावर वर तारीख घातली आहे. ती खरी आहे.

तुझी,
धाकटी