उघडून बघणाऱ्या बायका

दि. ४ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तुझी हुशार नात नापास व्हायच्या बेतात आहे. सूर्यासारखी ऊर्जा देणारी अणुभट्टी बांधायची चालली आहे ना, तिच्या भिंतीत भरायला मी लिथियमच्या सिरॅमिकच्या गोळ्या करते. तुझ्या कपांसारख्याच भाजून, पण मोहरीएवढ्या. त्या अणुभट्टीचं इंधन त्यांच्यातूनच तयार व्हायचं आहे. माझ्या मात्र भाजतानाच तडकतात. तीन घाणे गेले. या महिन्यात एक तरी धड निघाला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाईल असं आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी सांगितलं आहे. पूड बदलली, आच बदलली. ओल्या गोळ्या दोन दिवस बंद पेटीत वाळतात, तेव्हाही मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. आता भट्टीत मीच बसायची राहिले आहे.

तुझी ठमी

दि. ९ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद, भरपूर आहेत, पुरवून वापर.

पत्र दोनदा वाचावं लागलं. मी चौथीपर्यंतच शिकले म्हणून नव्हे, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सूर्यबिर्य मला कळत नाही, भाजणं कळतं. कपबशांच्या कारखान्यात बावीस वर्षं कपांना कान चिकटवले. ओले कप फडक्याखाली सावकाश वाळवायचे. वारा लागला की कान आधी वाळतो, कप मागे राहतो आणि भट्टीत दोघांची फारकत. सगळ्यात जास्त कान कोणाचे गळले? माझे. दर तासाला फडकं उचलून बघायची ना, वाळले का, वाळले का! शेवटी मुकादमाने फडक्याला सुतळीच्या सात गाठी मारल्या. मी दातांनी सहा सोडवल्या, सातवीला दात पडला. त्या घाण्यात एकही कान गळला नाही.

तर खरं सांग, तुझं लक्ष ठेवणं म्हणजे पेटी किती वेळा उघडणं? तुझी आईही तू झोपलीस का हे बघायला तुला उठवायची. रक्तातच आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवला तर डोक्यावर बसशील.

आजी

दि. २७ मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार, या वेळी खराखुरा.

मोजलं. दिवसाला अकरा वेळा! एवढं शिकून हे मला कळू नये. पेटीची किल्ली भट्टीवाल्या काकांकडे दिली आणि बजावलं, मी रडले तरी द्यायची नाही. मी रडले. त्यांनी दिली नाही. घाणा अख्खा निघाला, काम माझ्याकडेच राहिलं. चिमूटभर गोळ्या बाटलीतून पाठवते आहे. त्या हवेतली ओल ओढतात, म्हणून बूच अजिबात उघडू नकोस.

तुझी, आता अर्धीच हुशार, ठमी

दि. २ एप्रिल

चि. ठमीस आशीर्वाद, उरलेले.

बाटली पोचली. एवढ्याशा गोळ्यांवर सूर्य चालणार असेल तर चालो बापडा. बूच मी उघडणार नव्हतेच. नुसतं फिरतं का ते पाहिलं. फिरतं.

पुढची बाटली पाठवशील तेव्हा सोबत ते भट्टीवाले काकाही पाठव.

आजी