मोजल्या त्या सॅक

प्रिय भिंगरी,

तू माझ्याशी बोलत नाहीस म्हणून लिहितोय. पत्र मध्येच कट करता येत नाही. आई सांगत होती, तू शेवटी ग्रुपबरोबर जायला कबूल झालीस. "जाते बाई, जाते त्या कळपाबरोबर," असं म्हणालीस म्हणे. पाठीवर सॅक टाकून महिनाभर एकटीने हिंडायचं तू ठरवलं होतंस. मी मात्र जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत "ग्रुपबरोबर जा, नाहीतर घरात बस" असं सुनावलं आणि वर आठवडाभर मिशीत हसत फिरलो. आता खरं सांगतो. पुढच्या महिन्यात तू ज्या ग्रुपबरोबर निघणार आहेस, त्याच ग्रुपच्या या महिन्याच्या फेरीत मी आलोय. आईला सांगितलं हवापालट म्हणून. पण गिऱ्हाईकाच्या हाती गाडी देण्याआधी एक चक्कर मी स्वतः मारतो, हे तुला माहीत आहेच.

तर ऐक, मला शिसारी आलीय. आधी साधी, नाकातोंडाची. एका खोलीत आम्ही अकरा जण, एकावर एक लोखंडी खाटा. खाटांच्या दांड्यांवर ओले मोजे, त्यांतला एक पहाटे माझ्या तोंडावर पडला. जॅमच्या बाटलीत एकच चमचा, तो जो तो चाटून परत आत खुपसतो. बँकेतला एक मोठा साहेब आहे, त्याने पायाची नखं कापून चहाच्या बशीत ठेवली आणि बशी तशीच टेबलावर सोडून फिरायला गेला. मी ट्रकच्या पोटाखाली झोपून वर आलेला माणूस, काळ्या ऑइलात हात घालून त्याच हातांनी डबा खाल्लाय. पण ही घाण निराळी, तिला कोणी घाण म्हणतच नाही. म्हणायचं कसं? आपण फॅमिली ना! आमचा म्होरक्या, ज्याला सगळे कॅप्टन म्हणतात, त्याने माझं नाव विचारायच्या आधीच मला मिठी मारून सांगितलं, "काका, आता आपण फॅमिली."

रोज संध्याकाळी ही फॅमिली गोल करून बसते आणि प्रत्येकाने एकाचे आभार मानायचे असतात. आमच्यात एक नर्सबाई होत्या, साठीला टेकलेल्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी निम्म्या लोकांच्या टाचा सोलल्या, त्या त्यांनी एकेकाला खाटेवर बसवून बांधून दिल्या. गोलात सगळे त्यांच्यावर तुटून पडले, "सिस्टर, तुम्ही देव आहात," एकीचे तर डोळे भरून आले. पाच मिनिटांनी तीच पोरगी प्लायवूडच्या भिंतीपलीकडे म्हणत होती, "म्हातारी खोकून खोकून डोकं उठवते यार. हिला घेतलं कोणी?" कॅप्टन म्हणाला, "उद्या तिला मागे ठेवू, आपला स्पीड मार खातोय. आणि त्या काकांना फोटोत मागच्या रांगेत घ्या, आधी पोट येतं, मग काका येतात." पोटाचं मला हसू आलं, खोटं काय आहे त्यात? पण बाईंनी बांधलेली पट्टी पायात घालून बाईंवर थुंकायचं, हे मला गिळता येईना.

आता मुख्य गोष्ट. कॅप्टन माणसं मोजत नाही, सॅक मोजतो. म्हणतो, माणसं हलतात, कोणी चहाला, कोणी फोटोला, आकडा चुकतो. सॅक जागच्या जागी उभी राहते. प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक, म्हणजे अकरा सॅक, अकरा माणसं. आपल्या या सिस्टिमचा त्याला फार अभिमान. मलाही पहिल्या दिवशी ती पसंत पडली होती.

काल दुपारी डोंगरातल्या एका थांब्यावर मिनीबस उभी राहिली. नर्सबाईंना अंगात कसर होती. त्या म्हणाल्या, जरा तोंडावर पाणी मारून येते, आणि मागच्या बाजूला नळाकडे गेल्या. मी भला माणूस ना! त्यांची सॅक उचलून टपावर चढवली. कॅप्टनने खालून बोट फिरवलं, अकरा. चला! बस निघाली. माझ्या शेजारची जागा त्यांचीच होती. ती रिकामी दिसली, आणि मी काय केलं असेल? पाय लांब केले. गुडघा आखडला होता, बरं वाटलं. पुढे कुठेतरी बसल्या असतील, असा विचारसुद्धा मी केला नाही. सैल नट मला गॅरेजच्या फाटकातून ऐकू येतो, पण खोकला थांबलाय हे मला तासभर ऐकू आलं नाही. कॅप्टनची किळस मी वर लिहिली. माझी लिहायला शब्द सापडत नाहीत.

लक्षात आल्यावर ओरडून बस थांबवली. वाटलं, आता हलकल्लोळ होईल. बँकवाला म्हणाला, "येतील की मागच्या गाडीने, लहान आहेत का?" ती पोरगी म्हणाली, "परत गेलो तर सनसेट जाईल." आणि कॅप्टन, हसतोय बघ, म्हणाला, "आपल्याकडे लोकशाही आहे, हात वर करा." परत फिरायच्या बाजूने माझा आणि ड्रायव्हरचा हात वर झाला. ड्रायव्हरचं मत धरत नाहीत म्हणे. मी टपावरून त्यांची आणि माझी सॅक उतरवली. मी उतरल्यावर त्यांनी काय करावं? टाळ्या! "काकांसाठी एकदा जोरदार!" फोटोही काढला, या खेपेला मला पुढे उभं करून.

खाली जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने थांब्याच्या वरच्या वळणावर सोडलं, तिथून दोन सॅक घेऊन उतार उतरताना मनात भाषण तयार करत होतो. वाटलं, बाई रडत बसल्या असतील, मी धीर देईन. बाई थांब्याच्या कट्ट्यावर चपला काढून, पाय सोडून बसल्या होत्या, बिस्किट खात. म्हणाल्या, "आधी रागाने थरथरत होते हो. मग लक्षात आलं, तीन दिवसांत पहिल्यांदा 'सिस्टर' म्हणून कोणी हाक मारली नाही." एकटीनेच यायचं होतं त्यांना, पण मुलाने ऐकलं नाही. "त्याला तिकडे झोप लागावी म्हणून इकडे या लोकांत आले." मी म्हटलं, चला, आता मी आहे सोबतीला. त्यांनी सॅकचे पट्टे आवळले, माझ्याकडे बघून छान हसल्या आणि म्हणाल्या, "सॅक आणलीत, उपकार झाले. आता तुम्ही पुढे व्हा, नाहीतर मी होते. मला माझ्या चालीने चालायचंय." आणि गेल्या की! भयंकर राग आला. मग वळणापर्यंत त्यांना जाताना पाहिलं. अधूनमधून थांबत होत्या, खोकत होत्या, दरीत बघत होत्या, पुन्हा चालत होत्या. मागे काही वळून पाहिलं नाही.

थांब्यावरच्या खोलीत बसून हे लिहितोय. इथे फोनला रेंज नाही. सकाळी एक टेम्पोवाला शहराकडे उतरतो, त्याच्या हाती पत्र देईन. त्या ग्रुपमध्ये तू जायचं नाहीस. एकटी जा, नाहीतर तुला आवडेल त्या मैत्रिणीला घेऊन जा. माझी अट मी मागे घेतली, कारण तुला तिथे कोण सांभाळणार हे मी पाहिलं, आणि बाईंच्या मुलासारखी मलाही माझीच झोप हवी होती हेही कळलं. पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. मी ग्रुपकडे परत जाणार नाही, घरीही लगेच येणार नाही. आणखी चार दिवस हा डोंगर मी एकटा चालणार आहे. तुझ्या आईने मला येऊ दिलं ते सोबत माणसं आहेत म्हणून. माझं ब्लडप्रेशर, माझा गुडघा, सगळं ती बोटांवर मोजून दाखवेल आणि मला शोधायला माणसं पाठवेल. तिला तूच समजाव. एकट्याने का जाऊ द्यावं याचे सगळे मुद्दे तुझ्याकडे तयार आहेत, माझ्यावर महिनाभर झाडलेस ते. तेच माझ्यासाठी वापर. जिंकलीस तर तुझ्यासाठी तिच्याशी वेगळं भांडायला नको. हरलीस तर मी आल्यावर दोघं मिळून भांडू.

तुझाच,
गुडघ्याला मलम चोळत बसलेला
बाबा