खालच्या मजल्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय बत्तीस, अविवाहित, मोजमापाची उपकरणं अचूक मोजतात की नाही हे तपासून दाखला देण्याचं काम करणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. मंगळवारी माझ्या डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. सर्जनबाईंनी धोका टक्क्यांत सांगितला. ती टक्केवारी कशावरून काढली, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही आराम करा." म्हणून हा कागद.

वकीलबाईंच्या नमुन्यात "माझं मन स्थिर आहे" असं वाक्य होतं. ते मी तूर्त लिहिलेलं नाही. कारण कलम पाचमध्ये येईल.

१. स्थावर मालमत्ता नाही. घर भाड्याचं आहे. घरमालकांना किल्ली द्यावी आणि बाथरूमचा नळ मी राहायला येण्याआधीपासूनच गळत होता, हे पुन्हा एकदा सांगावं.

२. बँकेत जे आहे ते आईचं. तिने ते जपून ठेवू नये, खर्च करावं. सुरुवात गुडघ्यांपासून करावी.

३. सोल्डरिंगचं सामान आणि दोन्ही मल्टिमीटर प्रयोगशाळेतल्या त्या सहकाऱ्याला, ज्याला आम्ही सगळे "अंदाजे" म्हणतो. निदान ही हत्यारं हातात असताना तरी त्याने "साधारण" हा शब्द टाळावा.

४. विभागप्रमुखांना काहीही नाही. विसरले असं कोणी समजू नये म्हणून हे कलम घातलं आहे. माझी तपासणीची पद्धत त्यांनी परिषदेत स्वतःची म्हणून मांडली. टाळ्या पडल्या तेव्हा मीही वाजवल्या. माझ्या टाळ्या मी परत घेते.

५. जुना व्हिडिओ गेम आणि त्याची एकुलती एक कॅसेट. ही वस्तू माझ्या ताब्यात आहे, पण ती नेमकी काय आहे हे मला सांगता येत नाही. म्हणून आधी हकिगत.

मी सहा वर्षांची आणि दादा दहाचा असताना ती घरात आली. गेम साधा होता. एक पाणबुड्या समुद्राच्या तळाशी शिंपले गोळा करतो. पण कधी कधी, कॅसेटला फुंकर मारून ती बसवली की भलतंच काहीतरी सुरू व्हायचं. पाणी जांभळं व्हायचं, माशांच्या जागी अक्षरांचे तुकडे पोहायचे आणि पाणबुड्या जमिनीतून आरपार खाली उतरायचा. तिथे अर्ध्या शिंपल्यांच्या रांगा असायच्या, दिवे लागलेल्या खिडक्यांसारख्या. संगीताऐवजी एकच लांब सूर. दादा त्याला "खालचा मजला" म्हणायचा.

"हळू बोल," तो सांगायचा, "लोक जेवायला बसलेत."

मी श्वास रोखून बसायचे.

पुढे शिकले तेव्हा कारण कळलं. कॅसेटच्या तळाशी सोनेरी पट्ट्या असतात. त्यांच्यावर मळ चढला की यंत्र भलत्याच जागेवरची माहिती वाचतं. बस्स, एवढंच. तेव्हापासून मी पुष्कळ यंत्रं उघडली. पाण्याचा प्रत्येक थेंब वेगळा हलतो असे नवे गेमही खेळले. ते उत्तम आहेत. पण श्वास रोखावा असं त्यांत काही झालं नाही, आणि कारण माहीत असूनही खालच्या मजल्याची आठवण काढली की अजून तसं होतं. हे कसं, ते मला समजत नाही.

गेल्या रविवारी दादा पिशवी घेऊन आला.

"घ्या सरकार! आईच्या माळ्यावरून काढला आणि दुकानात नेऊन नीट करून आणला. पट्ट्या खोडरबरने घासल्या, स्पिरिटने पुसल्या. बघ कशा चकाकतायत!"

गेम पहिल्या झटक्यात सुरू झाला. पाणी निळं. मासे मासेच. चहा निवायच्या आत मी तो संपवला. शेवटी पाणबुड्या हात हलवतो. मी "छान" म्हटलं. मग विचारलं, "आणि खालचा मजला?"

"अगं, तो बिघाड होता."

"ते माहीत आहे मला."

"तसं नव्हे गं. तो मीच करायचो. तू भोकाड पसरलंस की आई ओरडायची, काहीही कर पण तिला गप्प कर. मग मी कॅसेट जराशी तिरकी बसवायचो."

"मग आता बसव तिरकी."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने बसवली. काळा पडदा. पुन्हा बसवली. काळाच. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"डावीकडे की उजवीकडे, तेच आठवत नाहीये," तो म्हणाला.

मी त्याच्यावर रागावले आहे की मला त्याचे आभार मानायचे आहेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मळामुळे होतं, तर तो दादाने पुसून टाकला. दादाच्या हातामुळे होतं, तर तो हात आता दादाकडेच नाही. दोन्हीमुळे होतं, तर कशामुळे किती, हे मोजायची पद्धत माझ्याकडे नाही. दादा घरी गेल्यावर मीही बसवून पाहिली. मला जमत नाही.

सबब, कॅसेट आणि गेम मी दादाला देते, पुढील अटींवर. कॅसेट चकचकीत ठेवू नये. ती स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या उघड्या फळीवर, वाफ लागेल अशी ठेवावी. कोणीही पुसू नये, आईनेसुद्धा. वर्षातून एकदा दादाने, आणि फक्त दादानेच, ती तिरकी बसवून पाहावी. खालचा मजला दिसल्यास कारण शोधू नये. हळू बोलावं.

६. मी ऑपरेशनमधून उठले तर एक ते चार ही कलमं रद्द. पाचवं रद्द होणार नाही. फरक इतकाच की फळी माझ्या ओट्यावरची असेल आणि दादाने इकडे यायचं.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत आणि गोंधळलेल्या मनाने केलं आहे. दोन्ही एकदम चालतं का, असं वकीलबाईंना फोनवर विचारलं. "चालत नसतं तर मला ऑफिस बंद करावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. चालतं.

(सही)

साक्षीदार:
१. समोरच्या दुकानातले शिंपीकाका (सही). त्यांचा शेरा: "गेमचं काही कळलं नाही. बाकी बेतलंय नीट."
२. शेजारच्या नर्सताई (सही)

दादाला यातून काही मिळणार असल्यामुळे तो साक्षीदार होऊ शकत नाही. तो बाहेरच्या खोलीत आहे. आम्ही तिघं सह्या करत असताना कॅसेट काढल्याचा आणि पुन्हा बसवल्याचा आवाज येतो आहे.

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार