शिकण्यापुरता प्रोग्राम

प्रिय आई,

आधी पाया पडते, मग चिडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. कॉलेजने शिकायला पाठवलेल्या या कंपनीत, तुझ्यासारख्याच बिलं तपासणाऱ्या काकूंनी मला शेजारी बसवून सगळं काम दाखवलं. त्यावरून मी तेच काम करणारा प्रोग्राम बनवला. "फक्त शिकण्यापुरता," असं साहेब म्हणाले होते. काल त्यांनी तोच चालू केला आणि काकूंना घरी बसवलं. माझ्या हातून त्यांचा केसानं गळा कापला, वर मलाच शाबासकी!

बाबांचा खोकला कसा आहे?

तुझ्या ऑफिसात शिकायला आलेली मुलगी फार गोड आहे, सगळं खोदून खोदून विचारते, असं तू लिहिलंस. गोडच असेल गं. काकू मलाही गोडच म्हणायच्या.

तुझी,
धाकटी