ओल्या दालचिनीवरचो कोंबो

मु. कांदळगाव, ता. मालवण
गुरवार, ९ मार्च १९६१

जानकी मावशेक विमलाचो पाया पडान नमस्कार.

मावशे, माका झोप नाय गो. आयतवारच्या आगबोटीन हे मुंबयक गेले, तेवापासून डोळ्याक डोळो लागाक नाय. जावच्या आदल्या दिवशी हेंचो डावो हात भाजलो, तळवो सगळो. तसोच चिंधी गुंडाळून आगबोटीर चढले. खोबरेल लावतंय म्हटलंय तर लावूक दिल्यानी नाय. जहाज सुटासर हे तुझ्याच खानावळीत जेवक येतले. आता थंय बसले असले तर सांग तेंका, हाताक खोबरेल लावा, पाण्यात घालू नकात. विमला म्हणता म्हणान सांग.

बाकी आमी बरी आसंव. बाळा दिसभर वाळवणाकडचे कावळे हाकलता आणि आमसोला आपणच खाता. धाकटा चेडू, बाळाची भयण, बसूक लागला. मी तिसरीपर्यंतच शिकलंय, वाचून दाखयता तेका सांग, अक्षर सांभाळून घे.

हात कसो भाजलो ता सांगतंय, आणि तेच्याबरोबर तो कोंबो कसो करूचो ता पण. हेनीच सांगितल्यानी, मावशेक लिवन धाड, खानावळीत खपात. हेंका अक्षर येणा नाय, म्हणान माका लिवक लावल्यानी.

हेंचा जहाज औंदा जमैकाक गेल्ला, साखर भरूक. थंय धक्क्यार एक म्हातारो कोंबो भाजून विकता. हे जहाजाच्या भटारखान्यात काम करतत, तेवा रांधपाची गोडी तेंका आधीच. सुट्टी गावली की त्या म्हाताऱ्याकडे जावन बसत. त्या कोंब्याक थंय 'जर्क' म्हणतत.

सासूबाय म्हणाली, "जर्क म्हंजे काय रे?"

"कोंबोच गो आये. तिखट लावन धुरार भाजललो."

"मग कोंबो म्हणाक काय जीब झडता?" मग म्हणाली, "आणि तो देश कसो?"

"आपल्यासारखोच. माड, केळी, समुद्र, पावस."

"मग तितक्या लांब कित्याक गेलस? हंयच रवलस आसतस."

हे हसले. रजेर इलले तेवापासून पयल्यांदाच हसले.

आता कसो करूचो ता. कोंबो पाठीसून फोडून पोथी उघडतत तसो पसरूचो, तुकडे करूचे नाय. तंगडेक, छातयेक हाडापर्यंत चिरे मारूचे. वाटणाक कांद्याची पात, लसूण, आला, गूळ, लिंबाचो रस, मीठ. आणि थंयचे काळे दाणे, मिऱ्यापेक्षा मोठे. मावशे, तो दाणो दातात फोडलो की लवंग, दालचिनी, जायफळ, सगळ्याचो वास एकदम येता. हेनी चायच्या डब्यात भरून हाडल्यानी. तुका ते गावचे नाय. तू लवंग, दालचिनी, जायफळ आणि मिरी एकत्र वाट, जवळजवळ तसाच जाता. थंय कसलो तरी बारीक पालो घालतत, तेका आपल्या ओव्याच्या पानासारखो वास, म्हणान मी ओव्याची पाना घातलंय. मिरची थंयची बुटकी, टोपी चेपल्यासारखी. सुकवून हाडल्यानी थोड्यो. पाट्यार वाटूक घेतलंय तर माझे हात कोपरापर्यंत पेटले. चेडवाक दुसऱ्या दिसापर्यंत हात लावक गावलो नाय.

हेनी सगळा माझ्याच हातान करूक लावल्यानी. आपण बाजूक उभे. मी म्हटलंय, "तुमका येता तर तुमीच वाटा." तर म्हणाले, "तुका येवक व्हया. माका विचारूचा पडता नये."

वाटण लावन कोंबो रातभर तसोच ठेवचो. सकाळी मागीलदारी खड्डो खणलो, इंगळे केले. तेच्यार ओले दांडे आडवे घालूचे आणि दांड्यांर कोंबो. थंय त्या काळ्या दाण्याच्याच झाडाचे दांडे घेतत. ता झाड हंय खंय? हेनी कुंपणाकडची दालचिनी तोडल्यानी. सासूबायन आकांत केलान. "माझ्या सासऱ्यान लावलला झाड, आणि तू कोंब्याक खाट करूक तोडलस?"

शेजारचो बाबली कुंपणार हात ठेवन बघीत होतो. म्हणालो, "काकी, खाट बरी आसा. माका मेल्यार अशी गावली तरी पुरे."

"तुका शेणीच बऱ्यो," सासूबाय म्हणाली.

कोंब्यार गोठ्याचो जुनो पत्रो झाकलो. ओल्या लाकडाचो धूर आत कोंडता, तेच्यार कोंबो शिजता. जाळ होवक देवचो नाय. मधी मधी पत्रो उचलून परतूचो. वास सगळ्या वाडयेत गेलो. सासूबायसुद्धा पाट घेवन मागीलदारी येवन बसली.

तेवा ता झाला. हेंच्या उजव्या हातात सुरी होती, म्हणान डाव्या हातान पत्रो उचलल्यानी. फडक्याबिगर. पत्रो इतको तापललो की पाण्याचो थेंब पडलो तर चुर्र होय. तो तसोच धरून हे वाकले, कोंबो बघीत रवले, बाळाक दाखयत रवले, ही तंगडी तुझी, ही आजयेची. बाबली म्हणालो, "जहाजार हात पोलादाचे करून देतत काय रे?" सगळे हसले. हे पण हसले. मग पत्रो खाली ठेवल्यानी, तर तळव्याची कातडी पत्र्याकच रवली.

कोंबो बरो झालो. सासूबायन वडे करून ठेवलान होते, "तुमचो जर्क फसलो तर उपाशी रवचा नको" म्हणान. वड्याबरोबरच खाल्लो. आधी तिखट, मग धूर, मग मागसून जरासो गोड. सासूबायन हाडा चोखून बाजूक रास केलान आणि म्हणाली, "आमच्या सुक्याची सर नाय." तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलान.

तुका मुंबयक दालचिनीची ओली लाकडा गावची नाय. पेरूची चलतीत.

इतक्याच लिवतंय. सगळ्यांका नमस्कार सांग.

तुझी भाची
विमला

आता हो कागद जो कोण वाचता तेका.

तुमी कोण ता माका ठावक नाय. मावशेक वाचूक येणा नाय, तेवा खानावळीत जेवक येणारे, वाचूक येणारे कोण तरी आसशात. हंयसून पुढचा मोठ्यान वाचू नकात. मावशेक सांगा, विमलान नमस्कार लिवलो आणि पत्र सोपला. कागद घडी करून खिशात घाला आणि जिन्यार जावन वाचा. हात जोडतंय तुमका. मावशी मायाळू आसा, पण तिच्या तोंडात तीळ भिजणा नाय. आणि हे त्याच पंगतीत बसले असतीत.

भाजल्याची काळजी नाय माका. भाजला ता हेंका कळाक नाय, तेची आसा.

धूर होतो, सगळे हसत होते, कोणी बघूक नाय. मी बघलंय, कित्याक तर असा मी आधी एकदा बघलला आसा. माझ्या बापाशीचे थोरले भाव, आमी तेंका आबा म्हणू. विडी पेटवक ते चुलीतलो इंगळो बोटान उचलीत. आमी पोरा टाळये वाजवू. मग तेंची बोटा गेली. मग तेंका बागेतल्या मांगरात, गवताच्या खोपीत, नेवन ठेवले. मी पेज घेवन जाय, करवंटीत ओती आणि काठयेन लांबसून सरकवी. मी तेवा लहान, माका तसा करूक सांगितलला. आबा म्हणत, "बाय, जवळ येव नको," आणि हसत. ते मेल्यार मांगराकच काडी लावल्यानी.

त्या दुखण्याचा नाव मी हंय लिवचंय नाय. तुमका कळला आसात.

हेंच्या पाठीर पांढरट चट्टो आसा, बाळाच्या तळव्यायेवढो. तेल चोळताना बघललंय. म्हणाले, खाऱ्या पाण्यान झालो. मी पण म्हटलंय, झालो आसात. आता आंथरुणार पडलंय की एक एक आठवता. रजेत हेनी चेडवाक एकदाय मांडयेर घेवक नाय. ता जन्मला तेवा हे दर्यार, तोंड पयल्यांदाच बघीत होते, ता पण दारातसून. माका वाटला, चेडू झाला म्हणान मन मोडला. मी रुसून बोलाक नाय तेंच्याशी. जेवत पण सगळ्यांच्या मागसून, ताट नको, केळीचा पान दी म्हणत. मी म्हणाय, जहाजार रवन साहेब झाले, ताट विसारले. जेवन झाला की ता पान आपणच नेवन इंगळ्यार टाकीत. आणि त्या दिवशी सगळ्यांका कोंबो वाढून झाल्यार आपण पायरयेर बसले, पाठ करून, आणि वाटणातसून उरलला कायतरी वड्याक पुसून खाल्ल्यानी. एवढो खपून केललो कोंबो, तेतलो तुकडो तेंनी खाल्लो की नाय, माका ठावक नाय.

तेंका म्हायत आसा. म्हणानच वाटूक, भाजूक, सगळा माका शिकयल्यानी. काळ्या दाण्यांचो डबो फळयेर ठेवन गेले, "पुढच्या वेळेक माझ्यासाठी थांबू नको" म्हणाले. घरातसून भायर पडताना आमच्यात माणूस 'येतंय' म्हणता. 'जातंय' कोण म्हणणा नाय. हे पायरी उतारताना बाळाक 'जातंय रे' म्हणाले. सासूबाय ओरडली, "येतंय म्हण, मेल्या." हेनी पिशी उचलल्यानी, ती पण डाव्या हातान.

हेंचा जहाज पुढच्या आठवड्यात सुटता. चढले तर हे परत येवचे नाय. जहाज येयत, तरी हे येवचे नाय. खंयच्या तरी धक्क्यार उतारतीत आणि थंयच रवतीत, आमच्यापासून लांब, आमच्या बऱ्यासाठी म्हणान. सासूबाय वर्षां मोजीत बसतली. मी कोणाक काय सांगू?

मी रोज बाळाच्या आंगार चट्टे सोदतंय. मुंगी चावली तरी विचारतंय, "दुखला काय रे?" तो भोंगो काढता, तेवा माका बरा वाटता. काल चेडवाक टाचणी टोचून बघलंय. पायाक, अगदी हलक्या हातान. ता रडला, आणि मी पण रडलंय. सासूबाय भायरसून विचारता, काय झाला गो? मी म्हटलंय, दात येतत.

माझो भाव शंकर मुंबयक एका दवाखान्यात वार्डबॉय आसा. गेल्या गणपतीक इलो तेवा सांगीत होतो, आता ह्या दुखण्यार गोळयो गावतत. धीरान खाल्ल्यो तर बोटा जायनत, आणि माणसाक घरातसून काढूचा लागणा नाय. तेवा मी मोदक वळीत होतंय, अर्धाच आयकलंय. आता ताच अर्धा धरून बसलंय.

शंकरान खोली बदलल्यान, नवो पत्तो माका नाय. पण काय अडला-नडला तर म्हणान दवाखान्यातलो फोन नंबर देवन गेलोहा, तो ह्या कागदाच्या कोपऱ्यात लिवलंय. परत परत ताळून बघलंय, बरोबर आसा. तुमी म्हणशात, तू मालवणात जावन तार नायतर फोन कित्याक करूक नाय? तार आणि फोन दोनय बघणारो मास्तर आमच्याच वाडयेतलो. सांजेक सगळ्या वाडयेक कळलला आसतला, आणि मग सासूबायच्या झिलाक मांगर बांधूक माणसा जमली असती. कागद हाडणारो गणपत तांडेल वाचणारो नाय, म्हणान तेच्या हातात देवक धीर झालो. 

शंकराक सांगा, सहज जेवक इल्यासारखो खानावळीत ये. हेंका भायर ने आणि हात बघ. आपल्या दवाखान्यात घेवन जा. नाय म्हणतीत, तरी ने. आणि तेंका सांग, विमलाक सगळा कळला आसा. ती घाबारली आसा, खोटा कित्याक बोला, पण ती घरातसून कोणाक भायर काढूक देवची नाय. मांगरात रवचा पडला तर ती पण मांगरात रवतली. करवंटी सरकवची नाय.

तुमच्या पंगतीत कोकणातली माणसा बरीच, एका नावाचे दोन असतीत. चूक होता नये. घोवाचा नाव मी लग्नात घेतलंय, तेच्यानंतर तोंडातसून काढूक नाय. लिवक तर कदीच नाय. आता लिवतंय.

धोंडू सत्यवान खवणेकर. डाव्या हाताक चिंधी, निळ्या लुगड्याची.

शंकर लगेच भेटाक नाय तर परत फोन करा. दवाखान्यात दुसरा कोण बोलला तर काय सांगू नकात, शंकरच व्हयो म्हणा. तो इलो की आधी इतक्याच सांगा, तुझ्या भयणीन घोवाचा नाव कागदार लिवलान. तितक्यान तेका कळात. मग बाकीचा सांगा.

तुमचा जेवान पानार थंड झाला असात, माका माफ करा. पण परत पानार बसूच्या आधी खालच्या दुकानात जावा आणि माझ्या भावाक फोन करा.